चेनने खाल्लेली नळी

सुधीरच्या सायकलला झालेली इजा माझ्यामुळे झाली, आणि मी ती दुसऱ्याच्या नावावर घातली. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं प्रवासाचं वर्णन वाचताना मी कुणाला फार सज्जन वाटणार नाही.

२०१७ च्या हिवाळ्यात मी नाशिकहून डहाणू-तलासरीकडे तीन दिवस सायकलने फिरायला गेलो. सायकल शेजारच्या सुधीरची. जुनी, पोलादी, निळ्या रंगाची माउंटन बाइक. चेनच्या शेजारून मागच्या चाकापर्यंत खाली एक नळी जाते. तिच्यावर सुधीरने जुन्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळली होती. खराब रस्त्यावर चेन उडून त्या नळीवर आपटते, पट्टी तो मार झेलते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण सायकल देताना सुधीरने मला बोट लावून दाखवलं होतं. तरी निघायच्या आदल्या दिवशी मी सायकल धुतली आणि ती मळकी, कडा सुटलेली पट्टी ब्लेडने कापून टाकली. फोटोत वाईट दिसली असती. एवढंच कारण.

जव्हारमार्गे डहाणूला जाणाऱ्या एसटीच्या टपावर सायकल बांधली. कंडक्टर खालून बघत होता.

"काका, सायकल आहे तर एसटी कशाला?"

"घाट उतरायची भीती वाटते."

"मग येताना चढणार काय?"

मी सुटे पैसे पुढे केले. त्याने तिकीट दिलं आणि ही गोष्ट ड्रायव्हरलाही सांगितली.

कासा गाव मागे पडल्यावर हवा जड होत गेली. डहाणूजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या सुरू झाल्या; झाडाखाली पेट्या भरायचं काम चाललं होतं. मसोलीत एका साध्या लॉजवर उतरलो. खोलीच्या खिडकीचे गज गंजून पापुद्रे सुटलेले होते. ते पाहून मी खारी हवा म्हणजे काय याचा विचार केला, पण सायकलचा केला नाही.

सकाळी गिअर बदलेना. टपावरच्या दोरीने मागचा गिअर आत दबला होता. लॉजवाल्याने रमणभाईंकडे पाठवलं. पत्र्याची शेड, दारात उलट्या ठेवलेल्या दोन सायकली, आणि मधे स्टुलावर साठीचे रमणभाई. ते मूळचे शेजारच्या आगर गावचे, घर अजून तिथेच; भाऊ होडीवर जातो, हे मात्र सायकलीत रमले. हाताने अंदाज घेत त्यांनी गिअर सरळ केला. मग त्यांचं लक्ष त्या नळीकडे गेलं.

"शेठ, इथे काय नाय गुंडाळला?"

"पट्टी होती. काढली."

"काढली? कशाला?"

"बरी दिसत नव्हती."

त्यांनी मान हलवली. "आमच्या आगरला होडीच्या काठाला जिथे दोर घासतो तिथे जुना टायर बांधतात. तो पण बरा नाय दिसत. बसा दहा मिनिटं, ट्यूब कापून गुंडाळून देतो. इथे रंग गेला की लोखंडाला लगेच गंज धरतो."

मला ऊन चढायच्या आत निघायचं होतं. म्हणालो, "परत येताना बघू."

"परत येताना पट्टी नाय, नळीच बघायला लागेल."

शेजारी बसलेले दोघे हसले. मीही हसलो आणि निघालो.

आधी आगरला गेलो. किनाऱ्यावर वलांड्यांना (बांबूच्या आडव्या दांड्यांना) बोंबील जोडीने टांगले होते. बायका खाली पसरलेला जवळा (बारीक कोळंबी) झाडूने उलटत होत्या. ओढून ठेवलेल्या होड्यांच्या काठांना खरोखरच टायरचे तुकडे बांधलेले होते. मी त्यांचा फोटो काढला. तोवर पट्टी गुंडाळून झाली असती.

मग उत्तरेला किनारा धरून, पुढे आत वळून वेवजीकडे. डांबर संपलं, खडी लागली, मग तीही संपली. सायकलमधून खटखट आवाज येऊ लागला. मी पिशवीचा बक्कल दोनदा आवळला. आवाज तसाच राहिला. तो चेनचा आहे हे मला कळत होतं, पण थांबून बघायचं मी टाळलं.

वेवजीत एका घरापुढे म्हातारी गवताच्या पेंढ्या बांधत होती. या भागात खेड्यात सगळ्यांना सरळ 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो.

"तुझी सायकल लांबून ऐकू येते रे. काय तुटलंय तिचं?"

"काही नाही, आजी. आवाज करते."

"उगाच कशी करेल?"

तिने घोटभर पाणी आणि कोरा चहा (बिनदुधाचा) दिला. सोबत तांदळाची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या जवळ्याची) चटणी. तिचा मुलगा अंगणातून सायकलभोवती फिरून आला. "एवढे गिअर आहेत, आणि मघाशी चढाला तू उतरून ढकलत होतास ना? मी वरून बघितलं."

"गिअर सायकलला आहेत, पायांना नाहीत."

म्हातारी हसली. चटणी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं. तिने आणखी एक भाकरी वाढली.

तलासरीच्या अलीकडच्या चढावर चेन सुटली आणि पॅडलजवळची दात्यांची चकती आणि ती नळी यांच्यामध्ये अडकली. शहाण्या माणसाने उतरून हाताने काढली असती. मी पॅडलवर सगळं वजन टाकलं. करकर आवाज झाला आणि सायकल आडवी झाली, माझ्यासकट. गुडघा खरचटला. उठून पाहिलं तर नळीवर चेनच्या कड्यांच्या अंतराने टवके उडालेले होते, आणि पुढच्या टोकाला पोलादात दोन खोल चऱ्या. निळ्या रंगाखालचं लोखंड उघडं पडलं होतं.

ती रात्र तलासरीत काढली. दुसऱ्या दिवशी डहाणूला परतताना मसोलीतून गेलो, पण रमणभाईंच्या दुकानावरून नाही. मागच्या गल्लीतून.

नाशिकला सुधीरने सायकल घेतली आणि त्याचं बोट थेट त्या चऱ्यांवर गेलं. "हे काय?"

"मसोलीच्या रमणभाई मेकॅनिकने गिअर बसवताना हातोडी मारली."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून इतकं सहज आलं की मलाच नवल वाटलं. पट्टीचं विचारलं तेव्हा तीही त्यानेच काढली म्हणालो. सुधीर म्हणाला, "जाऊ दे, तुझी काय चूक." संध्याकाळी त्याने आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं: मसोलीत रमणभाईंकडे सायकल देऊ नका, हातोडी मारतो. त्याखाली अंगठे उमटले. त्यातला एक माझा.

वर्ष उलटलं. आमच्या ग्रुपचे लोक दर हिवाळ्यात समुद्राकडे उतरतात. २०१९ च्या सुरुवातीला एका संध्याकाळी आम्ही चहाला जमलो, तेव्हा त्यांच्यातला एकजण सांगत होता, की मसोलीत चेन तुटली, पण रमणभाईंच्या दारावरून सायकल ढकलत पुढे नेली आणि टेम्पो केला. "म्हातारा विचारत होता, काय झालं म्हणून. आम्ही काही बोललोच नाही." सगळ्यांना ती हुशारी वाटली. मी उठून घरी आलो.

पुढच्याच आठवड्यात सुधीरकडे सायकल मागितली. त्याने काही न विचारता किल्ली दिली. तीच एसटी, तोच टप. कंडक्टर मात्र दुसरा होता. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत होतो.

रमणभाईंनी मला ओळखलं नाही, सायकल ओळखली. नळीवर अंगठा फिरवला. उघड्या लोखंडावर तांबूस गंज आला होता.

"हे चेनने खाल्लंय. बोललो होतो ना, शेठ?"

"बोलला होतात. पण घरी जाऊन मी सांगितलं की तुम्ही हातोडी मारली."

अंगठा थांबला. "तुम्ही होय ते?" हात फडक्याला पुसत ते म्हणाले, "मागे नाशिकचा एक पोरगा हसत बोलून गेला, काका, तुमच्याकडे नको, तुम्ही हातोडी मारता. मी महिनाभर आठवत होतो, कोणाच्या सायकलला मारली. वाटलं, वय झालं, विसरलो असेन. बायकोला पण विचारलं."

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "रमणभाई, चूक झाली. माफ करा."

ते उठले आणि आतून जुनी ट्यूब आणली. उभी कापून दोन बोटं रुंद पट्टी काढली. नळीचा गंज कागदाने घासला, तेलाचा बोळा फिरवला. मग चाकाच्या बाजूने सुरुवात करून, पट्टी ताणत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवला आणि शेवटचा वेढा मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने आवळून बांधला.

"मला बोललात, बराबर आहे," ते दोरा दातांनी तोडत म्हणाले. "पण मला आता कळलं, मी मारली नाय. ज्यांना अजून माहीत नाय, त्यांना बोला."

परतीच्या वाटेवर घाटाचा चढ लागला. एसटी गचके खात होती आणि टपावरची सायकल मधेच घसरत होती. टेम्पोची ती गोष्ट ऐकेपर्यंत वर्षभर मला ती नळीच आठवत राहिली होती. आपल्या हातांवरचा भरवसा गेलेला माणूस एकदाही आठवला नव्हता. याची लाज मला चऱ्यांपेक्षा जास्त वाटली.

सुधीरने नवी पट्टी पाहिली. "कुणी लावली? झकास आहे."

मी सगळं सांगितलं. तो पट्टीचा दोरा चाचपत होता. "सायकलचं राहू दे," तो म्हणाला. "तो मेसेज माझ्या नावाने गेलाय. माझ्या तोंडून वदवलंस तू."

"मला माफ कर. आता मी लिहितो."

त्याच्यासमोर बसूनच ग्रुपवर लिहिलं: मसोलीच्या रमणभाईंनी सुधीरच्या सायकलला कधीच हातोडी मारली नाही. पट्टी मी काढली, त्यांनी नवी लावू का विचारलं तर मी नको म्हणालो, आणि नळी माझ्या हातून खराब झाली. मी खोटं बोललो आणि सुधीरच्या मेसेजखाली अंगठाही दिला. रमणभाईंची मी त्यांच्या दुकानात जाऊन माफी मागितली आहे, ती इथेही मागतो. तिकडे जाल तेव्हा त्यांच्याकडे थांबा, आणि हा मेसेज त्यांना वाचून दाखवा.