परबच्या हॉलमधलं मालवाहू विमान

चालू कंपनीतल्या माणसांकडे किस्से नसतात, मीटिंगा असतात. किस्से साचतात बंद पडलेल्या कंपनीतल्या माणसांकडे. कारण ऑफिसातून घरी आणता आलं ते तेवढंच!

आमची विमान कंपनी एका दुपारी बंद पडली. सकाळी गेलेली विमानं परत आली, उभी राहिली, आणि पुन्हा हललीच नाहीत. तेव्हापासून आमच्यातली काही टाळकी रविवारी दुपारी लालबागला परबच्या टॉवरातल्या घरी जमतात. जमून आम्ही कॉम्प्युटरवर एक भलंमोठं मालवाहू विमान विमानवाहू नौकेवर उतरवतो.

म्हणजे, उतरवायला जातो.

* * *

हे खूळ परबचंच. तो आमच्याकडे ग्राउंड इंजिनियर होता, आता लोकांचे एसी दुरुस्त करतो. त्याने कुठेतरी वाचलं की अमेरिकनांनी एके काळी चार पंख्यांचं मालवाहू विमान बोटीवर उतरवलं होतं. लढाऊ विमानाला शेपटाखाली आकडा असतो, तो डेकवरच्या वायरीत अडकतो आणि विमान थांबतं. ह्याला आकडाबिकडा काही नाही! नुसते ब्रेक, आणि पंखे उलटे फिरवायचे.

"आपण पण करू," परब म्हणाला.

"कशाला?"

"दुसरं काय काम आहे तुला?"

मी खुर्ची ओढून बसलो. पहिल्या दिवशी विमान डेकवर टेकलं, सरळ पुढे गेलं आणि पलीकडून समुद्रात. परबची आई किचनमधून म्हणाली, "पडला मां? मगे चाय टाकतंय."

त्या दिवशी चहा इतक्या वेळा झाला की दूध संपलं.

* * *

मी लोड सेक्शनला होतो. विमानात कुठला माल कुठे ठेवायचा, तोल कसा राखायचा, हे माझं काम. त्यामुळे परबने मला विचारलं, "थांबत नाहीये रे. वजन कमी कसं करू?"

मी म्हटलं, "माल काढ सगळा."

काढला. पडलं.

"इंधन उतरव."

उतरवलं. पडलं.

"मग माणसं कमी कर."

परब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "आधी निम्मी माणसं काढली तेव्हा पण हेच म्हणाले होते. तरी पडलीच ना कंपनी!"

* * *

मी हल्ली शिवडीला एका कुरियरच्या गोडाऊनमध्ये आहे. एकदा एका टेम्पोत सगळी जड खोकी मागे भरलेली बघितली. राहवेना. ड्रायव्हरला बोलावलं आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हणजे काय, वजन पुढे का हवं, मागे गेलं तर नाक कसं वर येतं, सगळं हातवारे करून नीट समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "साहेब, माहीमला जायचंय. उडवत न्यायचाय काय?"

अख्खं गोडाऊन हसलं. मी पण हसलो. घरी मात्र हा किस्सा अजून सांगितलेला नाही.

* * *

प्राची आमच्यात सगळ्यात लहान, आणि परबच्या शेजारच्या बिल्डिंगमधली. तिच्याकडे पायलटचं लायसन्स आहे, खरंखुरं. तिच्या बाबांनी गावची काजूची बाग विकून तिला शिकवलं. आमच्या कंपनीत सिलेक्शन झालं, युनिफॉर्म शिवून आला, आणि जॉइन व्हायच्या आधीच कंपनी गेली. आता ती दादरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते.

तिला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "पायलट म्हणजे घरच्यांना फुकट पास मिळत असतील ना?"

प्राची म्हणाली, "सध्या माझाच काढते मी. बेस्टचा."

स्थळ पोहे खाऊन गेलं. तिचे बाबा तिच्यावर ओरडले नाहीत. कपाटातला युनिफॉर्म काढून त्यांनी पुन्हा एकदा इस्त्रीला दिला, एवढंच. प्राची म्हणते, "ओरडले असते तर बरं झालं असतं रे!"

* * *

कॅप्टन साहेब पहिल्यांदा आले ते आम्हाला वेड्यात काढायलाच. दादर हिंदू कॉलनीतले, शुद्ध बोलणारे, आमच्या कंपनीतले सगळ्यात सीनियर पायलट. सोफ्यावर बसून त्यांनी दोन लँडिंग बघितली आणि म्हणाले, "हे होणार नाही." पुढच्या रविवारी पुन्हा हजर!

त्यांनीच सांगितलेला किस्सा. एका दुसऱ्या एअरलाइनने त्यांना इंटरव्ह्यूला बोलावलं. समोर त्यांच्या मुलीच्या वयाची एक मॅडम.

"सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

साहेब म्हणाले, "तुमचा एकूण रागरंग पाहता, जमिनीवरच."

मॅडमनी ते टिपून घेतलं. आठवड्याने फोन आला, "सर, तुम्हाला ग्राउंड ड्युटीत इंटरेस्ट आहे ना? चेक-इन काउंटरला एक जागा आहे!"

हे सांगून साहेब मनापासून हसले. आम्ही कोणीच हसलो नाही. मग ते खिडकीतून खालच्या फ्लायओव्हरकडे बघत बसले.

* * *

एका रविवारी प्राचीने विचारलं, "परबदादा, बोट किती स्पीडने चाललीये?"

"म्हणजे?"

"बोट वाऱ्याच्या उलट दिशेने पळवायची असते. म्हणजे विमान टेकताना दोघांच्या वेगातला फरक कमी होतो. लवकर थांबतं."

परबने सेटिंग उघडलं. बोट उभी होती! पहिल्या दिवसापासून जागच्या जागी, नांगर टाकून! आणि आम्ही आपले कधी वजनाला, कधी ब्रेकला, कधी एकमेकांना शिव्या देत होतो.

परबने डोक्याला हात लावला. "एवढे महिने? मला वाटलं, आपल्यालाच काय येत नाही."

कॅप्टन साहेब खूप हळू म्हणाले, "मलाही तसंच वाटत होतं, परब." ते बोटीबद्दल बोलत होते असं मला वाटलं नाही.

* * *

बोट पळायला लागली तरी पडणं लगेच थांबलं नाही. पण मे महिन्यातल्या एका रविवारी प्राचीच्या हातात स्टिक होती. साहेब नेहमीचा सोफा सोडून तिच्या शेजारी स्टुलावर बसले होते. विमान खाली आलं, डेकवर आपटलं, पंखे उलटे फिरले, स्क्रीन थरथरली. पुढचा समुद्र मोठा होत गेला. आणि मग मोठा व्हायचा थांबला.

विमान डेकवर उभं होतं.

परब ओरडायला तोंड उघडून तसाच राहिला. कारण प्राचीने स्टिक सोडली नव्हती. ती समोर बघत होती, पाठ ताठ, हनुवटी वर.

साहेब खाकरले. आणि आम्ही विमानतळावर वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या आवाजात म्हणाले, "फ्लॅप्स?"

प्राचीने श्वास घेतला. "अप."

"लँडिंग लाइट्स?"

"ऑफ, सर."

"पार्किंग ब्रेक?"

"सेट."

"इंजिन्स?"

तिने एकेक करून चारही बंद केली. घरात फक्त छतावरच्या पंख्याचा आवाज उरला. परबची आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

चेकलिस्ट तिथे संपते. पण साहेबांनी अजून एक विचारलं.

"पॅसेंजर्स?"

प्राचीने मान वळवली. परबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"अजून आतच आहेत, सर."