पोटातल्या जिवाणूंचा ठपका

उमेळ्याच्या रोशनीने सासूचं विसरणं सगळ्यांच्या आधी ओळखलं. जयवंतीबाई आधी शेजारणीचं नाव विसरल्या, मग संडासाचा दरवाजा. त्यांना लघवीचा संसर्ग सारखा व्हायचा. दर वेळी अँटिबायोटिक, पाठोपाठ जुलाब. भात-भाजी नकोशी झाली. चहात बुडवलेला पाव तेवढा पोटात राहायचा, म्हणून रोशनी तोच भरवायची.

विरारची नणंद ज्ञानदा सणासुदीलाच यायची. एका रविवारी मात्र मुद्दाम आली. आतड्यातले जिवाणू आणि म्हातारपणी ढासळणारी स्मरणशक्ती यांच्या संबंधावर तिच्या सोसायटीत व्याख्यान झालं होतं.

"वहिनी, पाव घालून घालून तू आईच्या पोटातले चांगले जिवाणू मारलेस. त्यानेच तिचं डोकं गेलं."

रोशनीने नवऱ्याकडे पाहिलं. धनेश मोबाइल चाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वसईला डॉक्टरांकडे गेली.

"माझ्यामुळे झालं का हो?"

"विसराळूपणाच्या रुग्णांमध्ये हे जिवाणू वेगळे आढळतात, हे खरं," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांच्यामुळे मेंदू बिघडतो, की मेंदू बिघडल्यावर खाणं बदलतं म्हणून ते बदलतात, हे अजून पक्कं कळलेलं नाही. कोणी तुम्हाला दोष देऊ शकत नाही."

घरी येऊन तिने हे धनेशला आणि मुक्कामाला थांबलेल्या ज्ञानदाला जसंच्या तसं सांगितलं. "तुझ्या तोंडावर ते आणखी काय बोलणार?" ज्ञानदा म्हणाली आणि आईला विरारला घेऊन गेली.

तिथे ताक, आंबील, मोड आलेले मूग सुरू झाले. जुलाब थांबले, हे नाकारता येणार नाही. पण परक्या घरात जयवंतीबाई दिवसभर दार शोधत फिरायच्या, अंगावर धावून जायच्या. ज्ञानदाला ते झेपेना. महिन्याभराने तिने आईला परत आणून सोडलं.

रोशनी पाणी घेऊन पुढे गेली, तर जयवंतीबाई लेकाला म्हणाल्या, "ही बाई कोन? हिच्या हातचं नको."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. शेवटपर्यंत भरवलं, धुतलं रोशनीनेच. तेराव्याला पंगतीत ज्ञानदा नातेवाइकांना सांगत होती, "खाण्याकडे वेळेत लक्ष दिलं असतं, तर आईला कळत राहिलं असतं."

वाढता वाढता रोशनी थांबली. धनेशला म्हणाली, "डॉक्टर काय बोलले ते तुम्ही तरी सांगा."

"आता राहू दे ना," तो पानातून मान वर न करता म्हणाला. "भाजी वाढ."

तिने भाजी वाढली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.