जातं लग्नाला गेलंय

भूम तालुक्यात ईटच्या अलीकडं एक लहान गाव आहे. तिथलं मुलांचं संग्रहालय नव्या हॉलमध्ये जाणार की नाही, हे येत्या शनिवारी ठरेल. संग्रहालय सुरू करणाऱ्या निवृत्त शिक्षिका रेहानाबाईंनी काल फोनवर तसं सांगितलं.

मी तिथं गेलो एका फोटोमुळं. परंड्याच्या मित्रानं पाठवला होता. रिकामी फळी आणि तिच्यावर चिठ्ठी: 'पायली खळ्यावर गेली आहे. आठ दिवसांनी या.'

पुण्याहून रेल्वेनं कुर्डुवाडी, तिथून एसटीनं परंडा. किल्ल्याला दोन तास द्या, पण ऊन चढायच्या आत. भूमला मुक्काम केला. इथला खवा चुकवू नका. पुढं ईटकडच्या गाड्या कमी आहेत, त्यामुळं आदल्या दिवशीच वेळ विचारून ठेवा. फाट्यावर दहा रुपयांचा चहा मिळतो. मग वीस मिनिटं चालत.

संग्रहालय म्हणजे शाळेची एक खोली. तिकीट नाही, पाट्या मुलांच्या अक्षरात. अडकित्ते, मोटेची चाकं, रेहानाबाईंच्या वडिलांचा कल्हईचा भाता. सगळ्याला हात लावायचा. सहावीतल्या वैष्णवीनं माझ्याकडून भाता मारून घेतला आणि म्हणाली, "सर, जोरात. जेवला न्हाय का?"

सुरुवात एका चुकीतून झाली. चौथीच्या वर्गात बाई जुनी मापं शिकवत होत्या. पायली कुणी पाहिली नव्हती. एका मुलीनं दुसऱ्या दिवशी घरची पायली न विचारता दप्तरातून आणली. ऐन सुगीत धान्य मोजायचं माप गायब. आजोबा तणतणत शाळेत आले. पोरं पायलीनं वाळू मोजत होती. ते पाहून आजोबा म्हणाले, "राहू द्या. पण खळ्याच्या दिवसांत मी नेणार."

तोच नियम झाला. वस्तू ज्याच्या घरची, त्याला लागली की त्यानं न्यायची. त्या भरवशावर लोक वस्तू देत गेले. एका कपाटाचा व्हरांडा झाला, व्हरांड्याची खोली.

आता शाळेला ती खोली हवी आहे. गावचेच, बाहेर राहणारे एक देणगीदार हॉल देताहेत. त्यांची अट अशी की वस्तू काचेच्या बंद कपाटांत राहतील, बाहेर जाणार नाहीत. मी होतो तेव्हा त्यांचा माणूस मापं घ्यायला आला होता. तेवढ्यात गयाबाई नावाच्या आजी हातगाडी घेऊन दारात. नातीच्या हळदीला जातं न्यायचं होतं.

"हे म्युझियम हाय का भाड्याचं दुकान?" तो हसला.

"भाडं कुणाला मागतोस? जातं माझं हाय. खुंटा तेवढा पोरांनी बसवला." मग बाईंकडं वळून म्हणाल्या, "बाई, तुमी पण या हळदीला. ह्याला नका आणू."

वैष्णवीनं चिठ्ठी लिहिली: 'जातं लग्नाला गेलंय.' तो माणूस टेप गुंडाळून उठला.

मी बाईंना विचारलं, तुमचं मत काय?

"हॉल घेतला नाही तर वस्तू माझ्या घरात जातील. माझं घर केवढं! आणि काच लावली, तर पुढची वस्तू कोण देईल? पोरं ठरवतील. वस्तू त्यांनीच मागून आणल्यात."

येताना कुंथलगिरीचे पेढे घेतले. ते दोन दिवसांत संपले. घरी अडगळीत आईचा अडकित्ता सापडला. तो दर्शनी कपाटात ठेवणार होतो. आता तो टेबलावर आहे आणि घरात रोज कुणीतरी त्यानं सुपारी कातरतं.

काल फोनवर बाईंनी पुढचंही सांगितलं. मुलांनी देणगीदारांना पत्र दिलं आहे: काच लावा, पण किल्ल्या आमच्याकडं. शनिवारी ते स्वतः येणार आहेत. लग्न आटोपलं, तरी जातं अजून गयाबाईंच्या अंगणात आहे. त्यांचा निरोप असा: "किल्ली पोरांकडं आली, की त्याच दिशी जातं हातगाडीवर घालून आणते."