दातांनी ऐकणारे मिस्त्री

थोर माणसांना अंतःकरणातून परमेश्वराचा आवाज ऐकू येतो, असं म्हणतात. आमच्या मिस्त्रींना इंजिनाचा येई, आणि तोही दातांतून. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. बाकीचे मेकॅनिक मूठ कानाला लावतात. मिस्त्री म्हणत, "कानाला लोक कायबी सांगत्यात. दाताला कोन सांगतंय?"

जुन्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं एक स्टूल होतं, पण त्यावर कार्ब्युरेटर ठेवलेले असत. मिस्त्रींना बसलेलं मी पाहिलं नव्हतं. चहा ते चालता चालता पीत, अर्धाच पीत आणि उरलेला कोणत्या गाडीच्या बॉनेटवर राहिला ते विसरत. बोलताना एक गुडघा सारखा हलत असे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की आपणही घरी दूध गॅसवर ठेवून आलोय, असं वाटू लागे.

आमची काळी मोटार वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिचं टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी केव्हा पडावी ते, मिस्त्रीच लावत. प्लगच्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घालून पिस्टन कुठवर आला ते बघायचं. मग ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये बिडीबंडलाचा पातळ कागद अडकवायचा, एका हातानं तो हलकेच ओढायचा आणि दुसऱ्यानं डिस्ट्रिब्युटर फिरवत राहायचं. कागद सुटला की ठिणगीची जागा सापडली. कंपनीनं कोरलेली खूण ते बघतसुद्धा नसत. "कंपनीच्या वक्ताचं पेट्रोल आता मिळतंय का? मंग खूण कशाला बघायची?" कागद हा त्यांच्या मते नुसता साखरपुडा, लग्न दौलताबादच्या घाटात. टॉप गिअरमध्ये चढताना ठिणगी लवकर पडत असेल तर इंजिन ठोकतं. मग केसभर मागं घ्यायचं.

गेल्या हिवाळ्यात शहरातून जुन्या मोटारींची मिरवणूक निघायची होती. विषय 'वारसा' असल्यानं फेटे, तुतारी आणि उशिरा येणारे पाहुणे ओघानं आलेच. वाट घाटातून होती. एक्क्याऐंशी वर्षांच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जाहीर केलं, "मोटार मीच चालवणार. घाट टॉपमध्ये चढवणार. मग चावी तुझी."

आदल्या दिवशी मोटार शेडपाशी नेली. मिस्त्री पाठमोरे, एका जीपवर वाकलेले. मी हॉर्न दिला. आमच्या हॉर्ननं म्हैस उठते. मिस्त्री हलले नाहीत. पुन्हा दिला, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला शिव्या देत बाहेर आला. मिस्त्री तसेच वाकलेले. खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळले आणि माझ्या चेहऱ्यावरून काय ते समजले.

"तीन वर्षं झाली, भाऊ. तोंडाकडं बघितलं की मानसाचं बोलनं समजतं. इंजिनाला तोंड नाय. अण्णांना सांगू नका, चढावर धीर सुटंल त्यांचा."

दुपारी घाटात गेलो. वडील चालवायला, शेजारी मिस्त्री, मागे मी. रस्त्यातले खड्डे पाहून मी मिस्त्रींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, तर त्यांनी जबडा थेट डॅशबोर्डवर टेकवला. लांबून पाहणाऱ्याला हा मोटारीला नमस्कार वाटला असता.

"ठोकती," ते म्हणाले. आम्हाला दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं. उतरून केसभर मागं घेतलं. पुन्हा पायथ्याशी, पुन्हा वर. "अजून हाय." तिसऱ्या खेपेला ते काहीच बोलले नाहीत. वर पोचल्यावर उतरले आणि कठड्याशी येरझाऱ्या घालू लागले.

"भाऊ, खरं सांगा. ठोकायची थांबली, का माझे दातबी गेले?"

जो आवाज मला आधीही ऐकू आला नव्हता तो थांबला की नाही, हे मी काय सांगणार? मिस्त्रींनी आहे त्या जागेवर खिळ्यानं एक रेघ ओढली, नट ढिला केला आणि डिस्ट्रिब्युटर मुद्दाम चांगला पुढं फिरवला. चांगली लावलेली मोटार त्यांनी स्वतःच्या हातानं बिघडवली.

चौथी खेप. पहिल्या वळणालाच त्यांनी हात वर केला. "ठोकती!" पुढच्या वळणावर मलाही ऐकू आलं, डब्यात खडे हलवावेत तसं. वर पोचताच त्यांनी डिस्ट्रिब्युटर रेघेवर परत आणला, नट आवळला आणि ते चक्क कठड्यावर बसले. "व्हय, हायेत अजून," म्हणाले. दातांबद्दल.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "त्याला ऐकू येत नाही, हे तुला आज कळलं वाटतं? उगाच का मी त्याच्याकडं तोंड करून बोलतो?"

दुसऱ्या दिवशी मोटार टॉपमध्ये घाट चढली, एकदाही न ठोकता. करंडक मिळाला तो टेम्पोतून वर आणलेल्या एका फार चकचकीत मोटारीला. वडिलांनी त्याच संध्याकाळी मला चावी दिली.

या उन्हाळ्यात मिस्त्रींचे उरलेले दात काढावे लागले. शेड बंद करून ते लासूर स्टेशनला मुलीकडं गेले. भेटायला गेलो तेव्हा अंगणात फेऱ्या चालूच होत्या. "जावयाच्या ट्रॅक्टरवर लावून बघितली, भाऊ. कवळीला काय कळत नाय."

कवळी उत्तम बसली आहे. भाकरी चावता येते.