समुद्र उजव्या हाताला

काही माणसं जातात तेव्हा त्यांच्याबरोबर एक युग संपतं. आमच्या वहिनींच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी हे वाक्य म्हटलं, त्यामुळे ते खरं असावं. मला मात्र तसं काही जाणवलं नाही. त्या गेल्या त्या सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत वेळेवर आली, शेजाऱ्यांनी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा टाकला, आणि त्या गाण्याच्या आवाजातच माझा पुतण्या निखिल फोनवर म्हणाला, "काका, आई उठतच नाहीये..." मी इंदूरच्या दुसऱ्या टोकाहून विजय नगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. वहिनींना कशाचाही गाजावाजा आवडत नसे. जातानाही त्यांनी तो टाळला. शोकसभा त्यांच्या हातात नव्हती.

सभेत एका वक्त्याने त्यांनी मोटारीने विश्वभ्रमण केल्याचं सांगितलं. दुसऱ्याने सात समुद्र काढले. समुद्र एकच होता, एड्रियाटिक. क्रोएशियाच्या किनाऱ्याने आम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलो, मी, माझी बायको सुधा आणि वहिनी. सगळा रस्ता गाडी वहिनींनी चालवली. हे एवढं साधं वाक्य सभेत कोणी उच्चारलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, गाडीचं भयंकर प्रेम. दर सुट्टीला गाडी निघे. पस्तीसएक वर्षं दादा उजवीकडे बसले आणि वहिनी डावीकडे, मांडीवर पाण्याची बाटली, हातात सोललेलं संत्रं. "मलाही शिकवा की," असं त्या म्हणाल्या की दादा म्हणायचे, "अगं, रस्ता बघायला कोणीतरी लागतं ना!" दादा वाईट नव्हते. स्टिअरिंग आणि संसार या दोन्ही गोष्टी एकाच्याच हातात असाव्यात, असं त्यांना वाटे, इतकंच.

दादा गेल्यावर गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडली. निखिल ती विकायला निघाला, तर वहिनींनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. तेव्हा त्या निवृत्त होऊनही काही वर्षं झाली होती. एकदा पलासिया चौकाच्या सिग्नलला त्यांची गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "आंटीजी, घर पे कोई नहीं है क्या?" वहिनींनी काच खाली केली आणि खास इंदुरी 'भिया' लावून सांगितलं, "सब घर पे ही हैं भिया, इसीलिए तो मैं निकली हूँ." रिक्षावाल्याने उतरून मागची गर्दी थोपवली आणि त्यांना आधी जाऊ दिलं.

मग डोळ्यांचा काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की बाजूची नजर हळूहळू जाईल. आत्ता दिवसा गाडी चालवायला हरकत नाही, पण फार वर्षं नाही. त्या संध्याकाळी वहिनी आमच्याकडे आल्या. रडारड नाही, काही नाही. "भाऊजी, समुद्राच्या काठाने खूप लांब गाडी चालवायची राहिलीय. आता नाही तर मग नाहीच."

"गोवा?" मी विचारलं.

"गोव्याला निखिल येईल. आला की म्हणेल, आई, तू आरामात बस. आरामात बसणं माझं पुष्कळ झालंय."

म्हणजे मुलाला सुट्टी काढून सहज येता येणार नाही इतका लांबचा समुद्र हवा होता. निखिलने एकच अट घातली, काकांनीही आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, गरज पडली तर असावा. मी काढला. वहिनींनी तो हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाल्या, "फोटो छान आलाय. ठेवा जपून."

भाड्याची गाडी ताब्यात घेतली तेव्हा वहिनी दार उघडून बसल्या आणि त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मला वाटलं, घाबरल्या. मग हसायला लागल्या. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. "भाऊजी, ही तर माझीच जागा! इतकी वर्षं मी बरोबरच बसत होते." तेवढ्यात सुधाने बाजारातून आणलेली चार लिंबं चारी चाकांखाली ठेवली. नवी गाडी निघताना इंदूरला कोणीही ठेवतं, पण भाड्याच्या गाडीला ठेवणारी सुधा पहिलीच. गाडी देणारा तरुण धावत आला आणि वाकून बघू लागला. वहिनींनी त्याला शिक्षिकेच्या इंग्रजीत शांतपणे सांगितलं की याने टायरची पकड सुधारते. तो मान डोलवत परत गेला. आता तिकडे कोणी लिंबं ठेवू लागलं असेल, तर त्याचं श्रेय आमच्या घराण्याचं.

पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर आमचे वायपर फिरायचे, कारण इंडिकेटरची दांडी आपल्यापेक्षा उलट्या बाजूला. लख्ख ऊन, निळंशार पाणी, आणि आमची गाडी काच पुसत चाललेली. समुद्र माझ्या बाजूला, उजव्या हाताला, अगदी खिडकीखाली. वहिनींना तो फारसा बघता येत नव्हता, त्या रस्ता बघत होत्या. "वहिनी, जरा थांबून बघा तरी," असं मी म्हणालो तर म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि सांगा. माझं ते काम आता तुमच्याकडे."

खरी परीक्षा एका छोट्या बंदराकडे उतरताना झाली. रस्ता एकाच गाडीपुरता. डावीकडे दगडी भिंत, उजवीकडे कठडाही नाही, खाली पाणी. समोरून प्रवाशांनी भरलेली बस वर आली. तिला मागे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे आम्हीच चढावर, वळणातून, उलटं जायचं. बसमधून एक गृहस्थ उतरून आला आणि खुणेने म्हणाला, मी घेऊ का? सुधा मागून माझ्या खांद्याला हात लावत हळूच म्हणाली, "ताई, ह्यांना द्या ना..." माझा परवाना खिशात होता. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा तो काढला असता तर समुद्राने आम्हाला गाडीसकट पोटात घेतलं असतं.

वहिनी त्या गृहस्थाला "नो, थँक्यू" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, उजवीकडे किती जागा आहे तेवढं बोलत राहा. बाकी काही बोलू नका." बाजूचं कमी दिसायचं म्हणून त्या आख्खी मान वळवत, एकदा इकडे, एकदा तिकडे. क्लच सोडत, थांबत, परत सोडत. "हातभर," मी म्हणत होतो. "वीतभर... वहिनी, वीतभरच आहे." "पुरे आहे," त्या म्हणाल्या. वळण संपलं, भिंतीत एक कोनाड्यासारखी जागा आली, गाडी आत गेली आणि बस निघाली. आतले लोक टाळ्या वाजवत होते.

"टाळ्या काय वाजवताय, रस्ता मोकळा झालाय, निघा," वहिनी मराठीत म्हणाल्या. मग इंजिन बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुमचे दादा असते तर त्यांनी बसलाच मागे जायला लावलं असतं," त्या म्हणाल्या. "...आणि ती गेलीही असती." सुधाने इंदूरहून आणलेल्या सेवचा डबा पुढे केला. त्या दिवशी मला त्यांचा जो अभिमान वाटला तो तोंडाने सांगता आला नाही. मी फक्त सेव जास्त खाल्ली.

परत आल्यावर एका मंडळाने शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. वहिनींनी निरोप पाठवला, "मी गाडी चालवली, तीही दुसऱ्याची." विषय संपला.

मला मात्र त्या वळणाहून मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. एका दुपारी पलासियाला डावीकडून आलेली स्कूटी त्यांना दिसली नाही. लागलं कोणालाच नाही. त्या सावकाश घरी आल्या आणि किल्ली निखिलच्या हातात दिली. "आई, डॉक्टरांनी अजून थांब म्हटलं नाहीये," तो म्हणाला. "मी म्हणतेय ना," वहिनी म्हणाल्या. आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. हट्टाने सुरू करणारी माणसं पुष्कळ पाहिली. वेळेवर थांबणारी फार नाही.

त्यानंतर कुठे जायचं असलं की मी त्यांना माझ्या गाडीतून न्यायचो. त्या पुन्हा डावीकडे. बोलायच्या नाहीत, पण सिग्नल आला, समोर गाय आली की त्यांचा उजवा पाय खाली जोरात दाबला जायचा. मागच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली. मेकॅनिकने मला बोलावून डावीकडची मॅट दाखवली. एका ठिकाणी ती पार झिजली होती.

"भिया, इधर तो ब्रेक होता ही नहीं है," तो म्हणाला.

"था," मी म्हटलं.

मॅट बदलू दिली नाही. आता त्या जागी सुधा बसते. धारकडे निघालो की वाटेतलं बेटमा यायच्या आधीच तिला झोप लागते, आणि ब्रेक मला एकट्यालाच लावावा लागतो.