कप्तानांचं स्पॅनिश जहाज

आई गेल्यानंतर बाबा पुण्याहून आमच्याकडे ऑकलंडला, सँडरिंगहॅमला राहायला आले. इकडे तेव्हा हिवाळा सुरू होत होता. मी आणि नवरा कामावर गेलो की ते दिवसभर खिडकीत बसून राहायचे. आईबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. तिच्या शेवटच्या दिवशी तिच्याजवळ ते एकटेच होते, मी तेव्हा विमानात होते. मी एकदोनदा विषय काढला, तर "झालं गं आता" म्हणून ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

कुंपणापलीकडे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, बायको वारलेली, मुलगी लांब साउथ आयलंडला. एका सकाळी त्यांनी कुंपणावरून बाबांना "किया ओरा, मेट" असा इकडचा नमस्कार केला आणि दहा मिनिटांत सांगून टाकलं की त्यांच्या मालकीचं एक जहाज आहे, फक्त ते वाळूखाली आहे. त्या दिवसापासून बाबा त्यांना कप्तान म्हणायला लागले. त्यांनाही ते आवडलं.

कप्तानांची गोष्ट अशी होती. शेकडो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेहून निघालेलं एक स्पॅनिश जहाज ताफ्यापासून चुकलं आणि पोटातल्या चांदीसकट इथल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन फुटलं. इतिहासाची माणसं हे मानत नाहीत. पण कप्तान लहान असताना, एका मोठ्या वादळानंतर, वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं. काळ्या वाळूतून वर आलेल्या लाकडी फासळ्या, ओळीनं उभ्या. पुढच्या भरतीत वाळू पुन्हा चढली आणि जहाज दिसेनासं झालं. तेव्हापासून ते त्याला शोधत होते.

"यांची बायको हसायची म्हणे यांना," बाबा मला म्हणाले. "पण डबा करून द्यायची."

आईनंतर पहिल्यांदाच ते कुठल्या तरी गोष्टीबद्दल आपणहून बोलत होते. त्यामुळे रविवारी कप्तानांनी बीचवर चलायचं सुचवलं तेव्हा मी लगेच गाडी काढली.

तो बीच पोहण्याचा नाही. दोन्हीकडे उंच कडे आणि मधे कोळशासारखी काळी वाळू. त्या वाळूतच लोखंड आहे, खिशातलं चुंबक टेकवलं की त्याला दाढी फुटते. मेटल डिटेक्टर तिथे पावलोपावली वाजत सुटतो, म्हणून कप्तानांनी तो कधीच सोडून दिला होता. ते लांब लोखंडी सळई वाळूत खुपसत पुढे पुढे जायचे. लाकूड लागलं तर हाताला कळतं, म्हणायचे. बाबा त्यांच्या मागून दुसरी सळई घेऊन चालत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात माझ्या नवऱ्याचे जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला.

दुपारी समुद्रावरून धुकं आलं. कडे दिसेनासे झाले. बाबा एकदम थांबले.

"कोण ठोकतंय गं?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"काय?"

"लाकडावर लाकूड. ऐक ना. थांबतंय, परत ठोकतंय."

मला लाटांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. कप्तानांना भाषा कळली नाही, पण बाबांचा हवेत ठोकून दाखवणारा हात त्यांनी पाहिला. ते सळई वाळूत तशीच रोवून बाबांजवळ आले.

"तुम्हालाही?" ते म्हणाले. "मी हे बायकोखेरीज कुणालाच सांगितलेलं नाही. आतून कुणीतरी ठोकतं. बाहेर यायचंय असं."

घरी आल्यावर बाबा सरळ आत आले नाहीत. बागेतल्या नळावर त्यांनी पाय धुतले, स्मशानातून आल्यावर धुवावेत तसे, आणि मलाही धुवायला लावले.

त्यानंतर ते दोघं दर आठवड्याला जायला लागले. मी बाबांना म्हटलं, भीती वाटत असेल तर जाऊ नका. ते म्हणाले, "भीती वाटते म्हणूनच त्यांना एकट्याला कसं सोडायचं?"

मग ते वादळ आलं. सलग काही दिवस वारा थांबेना. त्यातच त्या बीचच्या टोकाला खडकावरून गळ टाकणाऱ्या एका तरुणाला लाटेनं ओढून नेलं. तो सापडला नाही. तिथल्या माओरी मंडळींनी किनाऱ्यावर राहुई लावली. म्हणजे समुद्रानं माणूस नेलाय, आता त्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत, वाळूवर पाऊलही टाकायचं नाही.

वारा पडला त्या सकाळी कप्तान आमच्या दारात उभे राहिले. बीचजवळ राहणाऱ्या एका ओळखीच्यानं फोन केला होता. वादळानं वाळू उपसून नेली होती. फासळ्या वर आल्या होत्या.

"आज गेलं पाहिजे," ते म्हणाले. "उद्या वाळू परत चढेल. मी सत्तरी ओलांडली आहे. मला हे पुन्हा दिसणार नाही."

"पण राहुई आहे," मी म्हटलं.

"कडेकडेनं जाईन. कुणाला कळणार आहे?"

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांनी राहुई म्हणजे काय ते मला परत एकदा विचारलं, मी सांगितलं. "सुतक आहे म्हण ना पाण्याला," ते म्हणाले, आणि कप्तानांकडे वळून आपल्या ठेवणीतल्या इंग्रजीत सावकाश बोलले, "ज्या घरात माणूस गेलंय, तिथे आपण आपलं सामान शोधायला जात नाही."

कप्तानांनी हातातली सळई दाराला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "वरून नुसतं बघू?"

कड्यावर जायला बंदी नव्हती. आम्ही गेलो. पार्किंगमध्ये त्या मुलाची माणसं गाड्यांत बसून होती, पाण्याकडे तोंड करून. एक बाई उतरून आमच्याकडे आली. त्याची आई. कप्तानांच्या गळ्यातली दुर्बीण पाहून तिनं विचारलं, "तुम्हीही शोधायला आलात?"

कप्तान "हो" म्हणाले. तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि आम्हा सगळ्यांना थर्मासमधला चहा दिला.

मी पाहिलं, खाली खरंच फासळ्या होत्या. काळ्या, वाकलेल्या, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या. साठ-पासष्ट वर्षं त्यांनी ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि कप्तानांनी दुर्बीण तिकडून वळवून लाटांवर धरली होती. एकेक लाट ते चाळत होते. सकाळची दुपार झाली.

मागे एका बाकावर बाबा त्या आईशेजारी बसले होते. ते तिला माझ्या आईचं सांगत होते. पहाटे तिनं खिडकी उघडायला सांगितली, मग पाणी मागितलं, मग माझं विमान कुठवर आलं ते विचारलं. मला मराठीत जे त्यांना सांगता आलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत होते. मी कठड्याला धरून पाठमोरी उभी राहिले. वळायचं धाडस झालं नाही.

ओहोटीला कप्तान दचकले. दुर्बीण खाली घेऊन डोळे पुसले, परत लावली.

"जहाजात," ते पुटपुटले. "फासळ्यांत कुणीतरी आहे."

निळं जॅकेट होतं. लाटेबरोबर ते हलत होतं आणि लाकडावर आपटत होतं. आवाज एवढ्या वर येणं शक्य नव्हतं. तरी बाबा बाकावरून उठले आणि त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले.

मी पोलिसांना फोन लावला. त्या आईला तिच्या माणसांनी धरून ठेवलं होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणत राहिली, "वाहून नाही गेला. त्याला धरून ठेवलं कुणीतरी."

पोलिसांनी त्याला संध्याकाळी बाहेर काढलं. राहुई उठायच्या आतच वाळू परत चढली. जहाज गेलं. त्या मुलाला निरोप देताना त्याच्या घरच्यांनी कप्तानांना आणि बाबांना बोलावून पुढे बसवलं.

नंतर जुन्या जहाजांचा अभ्यास करणारी दोन माणसं कप्तानांना भेटायला आली. इतकी वर्षं त्यांच्या पत्रांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. आता त्यांना लाकडाचा तुकडा हवा होता, म्हणजे झाड कुठलं ते कळलं असतं, जहाज स्पॅनिश की इथलंच एखादं तेही कळलं असतं. आम्ही सगळे बीचवर गेलो. नेमकी जागा कुठली, त्यांनी विचारलं.

कप्तानांनी किनाऱ्यावरून सगळीकडे हात फिरवला. "इथेच कुठेतरी. वाळू फार बदलते."

ती दोघं नाराज होऊन गेली. मी म्हटलं, "तुम्हाला तर जागा पक्की माहीत आहे."

"आत माणसं आहेत," ते म्हणाले. "स्पॅनिश असोत, नाहीतर इथली. राहू देत."

बाबांनी त्यांचा दंड धरला आणि ते दोघं गाडीकडे चालू लागले. मी मागे वळून पाहिलं. ओहोटीच्या पाण्यात एका ठिकाणी प्रत्येक लाट जराशी अडखळून फुटत होती. मी थोडा वेळ कान देऊन उभी राहिले, मग घाईनं त्यांच्या मागे निघाले.