शेडबाळे सरांचे आकडे

रविवारची दुपार. जेवण झाल्यावर वैजयंती आडवी होते, पण डोळा लागत नाही. सकाळची मेल डोक्यातून जात नाही. गडहिंग्लजहून शेडबाळे सरांच्या मुलीनं लिहिलंय, ‘बाबा गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत विचारत होते, मॅडमनी माझं काम घेतलं का? घेतलं होतं का हो?’

उत्तर तिनं तीनदा लिहून तीनदा खोडलंय.

सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. दोघांची भेट कधीच झाली नाही, ओळख फक्त मेलवरची. कॉम्प्युटरमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डांसाठी जगभरातली हौशी मंडळी मिळून एक ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहितात. तो कुणीही उघडून पाहावा, सुधारावा, फुकट वापरावा. कुणाची सुधारणा त्यात घ्यायची, हे वैजयंती ठरवते. या ड्रायव्हरवर कार्ड सतत पूर्ण वेगानं पळायचं आणि तापायचं. वेग कमी कसा करायचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांनी शाळेतल्या मशीनवर वर्षभर एकेक आकडा घालून बघितला आणि ते शोधून काढलं.

पापण्या जड होतात. पंख्याची घरघर लांब जाते, आणि वैजयंती शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत उभी असते. सर वाकून मशीनचं झाकण काढतायत. ते गेलेत, हे तिला माहीत आहे. त्यांनाही ठाऊक असावं.

“या मॅडम. काम अपुरं आहे, असं लिहिलं होतं तुम्ही. नेमकं कुठं अपुरं होतं?”

“सर, मी...”

खोलीतले बाक एसटीच्या सीटा झालेत. दोघं शेजारी बसलेत. बाहेर ऊस मागं पळतोय, आणि पुढच्या प्रत्येक सीटवर एकेक मॉनिटर चालू आहे.

“सांगा की. चुकलं असलं तर दुरुस्त करतो.”

“मी उघडलंच नव्हतं, सर. न वाचताच तसं लिहिलं.”

“मी आणखी दोनदा पाठवलं.”

“आलं होतं. तिसऱ्यांदा उघडलं.”

“मग?”

“सगळे आकडे बरोबर होते. मी तेच घेतले. मांडणी बदलली आणि माझं नाव घातलं.”

आता ते ओरडतील, असं तिला वाटतं. ओरडले तर बरं, असंही.

“कार्डं थंड झाली?” सर विचारतात.

“झाली. वीस अंशांनी.”

त्यांचा चेहरा खुलतो. तो खुललेला चेहराच तिला सोसवत नाही.

“रागवा ना, सर.”

“राग नाही हो. घरात काय सांगायचं तेवढं कळंना. पोरगी म्हणाली, बाबा, तुमचंच काहीतरी चुकलं असणार. मी पण हो म्हटलं.”

एसटी थांबते. सर उतरतात ते थेट तिच्या स्वयंपाकघरात. ओट्याच्या वर फळा आहे. सर मागच्या दाराकडे निघालेत, आणि ते बाहेर पडायच्या आत त्यांचं नाव लिहायला हवं. ती घाईनं खडू दाबते. खडू झिजतो, मोडतो, ती बोटानंच लिहीत राहते. “सर, थांबा!” ती म्हणते, आणि स्वतःच्याच आवाजानं जागी होते.

ऊन खिडकीतून सरकून गेलंय. उजव्या तर्जनीचं नख ठणकतंय. नखात पांढरी भुकटी अडकलीये. पलंगाला लागून असलेल्या भिंतीचा रंग ओरबाडलेला आहे. अक्षरं वाकडी, पण वाचता येतात: शेडबा.

वैजयंती उठते. ड्रायव्हरच्या नोंदीत झालेला प्रकार सगळ्यांना दिसेल असा लिहिते. आपलं नाव काढते आणि सरांचं पूर्ण नाव घालते, बाबगोंडा शेडबाळे.

मग मुलीला लिहिते. या वेळी खोडत नाही.

‘काम घेतलं होतं. नाव मी चोरलं. बाबांचं काहीच चुकलं नव्हतं.’